मशीन मोठी घ्यायची, पण किती मोठी? आणि कुणाच्या पैशाने?



पुढच्या बैठकीत आपल्या सामाईक नावेच्या मशीनचा विषय आहे. बैठकीत बोलणारे पुष्कळ असतात, ऐकणारे कमी, आणि रात्र झाली की वरच्या पाड्याचे लोक उठून जातात. म्हणून मला जे वाटतं ते आधीच पत्रकात लिहून ठेवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना जीवनशाळेच्या पोरांनी वाचून दाखवावं. पटलं नाही तर बैठकीत तोंडावर सांगा, मागून नको.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पाच पाड्यांनी वर्गणी काढून घेतलेली आपली २६ फुटी लाकडी नाव अजून चांगली आहे. तिच्या पाठीला टांगलेली ८ घोड्यांची मशीन मात्र म्हातारी झाली. वीस-वीस वेळा दोरी ओढावी लागते. सुरू झाली तरी भर पाण्यात मध्येच खोकते. या पावसाळ्यात ती दोनदा पुरात बंद पडली आणि दोन्ही वेळा लोकांनी वल्ही मारत, झाडांच्या फांद्या धरत नाव काठाला आणली. तिचं पिस्टन-सिलिंडर इतकं झिजलं आहे की आता तिच्यात ८ घोडे राहिलेले नाहीत. चार-पाच असतील.

आता एक मासळीचा व्यापारी म्हणतो, माझ्याकडे ४० घोड्यांची मशीन आहे, जुनी पण पूर्ण खोलून नवी बांधलेली. रोख पैसा नको. तुम्ही मासळी मलाच द्यायची, त्यातून हप्ता कापत जाईन. पोरं खूश आहेत. ४० घोडे म्हटल्यावर कोण खूश होणार नाही! दुसरीकडे किनाऱ्यावरच्या एका मेस्त्रीकडे १५ घोड्यांची बांधलेली मशीन आहे, ती रोखीने घ्यावी लागेल, म्हणजे पुन्हा वर्गणी. आणि तिसरं म्हणणं आपल्याच काही कार्यकर्त्यांचं आहे, की आपण मशीन घ्यायचीच कशाला, बुडवलं सरकारने, तर नावही सरकारनेच द्यावी.

माझं मत सरळ सांगतो. मशीन बदलायलाच पाहिजे, ती बांधलेली घ्यायला हरकत नाही, पण १५ ची घ्यायची. ४० ची नको, फुकट दिली तरी नको. आणि व्यापाऱ्याच्या हप्त्यावर तर कोणतीच नको.

का ते सांगतो.

आधी हे बघा की ही नाव आपल्याला कशाला लागते. पूर्वी काठाकाठाने पाऊलवाट होती. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर अर्ध्या तासात माणूस जायचा. आता प्रत्येक नाल्याच्या तोंडात पाणी शिरलं आहे, आणि पाणी उतरलं की तिथे कमरेएवढा गाळ राहतो. त्या गाळात ढोरं फसतात, माणसंही फसतात. डोंगराला वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस जातो. रेशनचं धान्य, मीठ, घासलेट, आजारी माणूस, अडलेली बाई, शाळेची पोरं, सगळं या एका नावेवर आहे. पलीकडे हापेश्वर असो की वरच्या अंगाला ककराणा, तिथे पोचलं की पुढे जीप मिळते.

अजून एक काम ही नाव करते, त्याच्याकडे आपलं लक्ष कमी असतं. कागदावर आपल्यातली किती घरं 'पुनर्वसित' दाखवली आहेत, आणि किती 'अघोषित' म्हणून यादीतच नाहीत, हे प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे. तलाठी पंचनाम्याला येत नाही आणि वर लिहून देतो की गावात आता कोणी राहत नाही. जेव्हा जेव्हा आपण साहेबाला आपल्या नावेत बसवून आणलं, तेव्हा तेव्हा त्याला चुलीचा धूर बघून लिहावं लागलं की माणसं आहेत, शेतं आहेत, ढोरं आहेत. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात लिहिलं आहे की बुडिताच्या वर्षभर आधी जमीन दाखवली पाहिजे, घराला कमीत कमी २ हेक्टर. ते न करताच पाणी चढवलं. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर धरण ९० मीटरला गेलं, मग ९५, मग १००, आणि २००४ मध्ये ११०.६४ मीटरवर पोचलं. जे अजून इथे टिकून आहेत ते नावेमुळे टिकून आहेत. नाव बंद पडली तर कुणी नोटीस न देताच गाव उठेल. एकेक घर मीठ-मिरचीला कंटाळून जाईल.

म्हणून मशीनचा प्रश्न हा पोरांच्या हौसेचा नाही, तो जमिनीचाच प्रश्न आहे.

आता हिशेब करू. नदी भरून वाहते तेव्हाचा. समजा पाण्याची ओढ तासाला ४ किलोमीटर आहे. आपली आजची मशीन भरल्या नावेला स्थिर पाण्यात तासाला ६ किलोमीटर नेते. ओढीविरुद्ध जाताना त्यातले ४ नदी खाते, आपल्याला उरतात २. बारा किलोमीटर वर जायचं तर सहा तास लागतात. तासाला ४ लिटर पेट्रोल धरलं तर २४ लिटर जळतं. चांगल्या स्थितीतली १५ ची मशीन तीच नाव तासाला १० किलोमीटर नेईल. ओढीविरुद्ध उरतात ६. तेच अंतर दोन तासात. ती तासाला ७ लिटर खाईल, म्हणजे १४ लिटर. बघा, मशीन दुप्पट मोठी आणि पेट्रोल मात्र कमी. म्हणून मी म्हणतो की बदल पाहिजेच, जुन्याला चिकटून राहण्यात बचत नाही. पाणी शांत असतं त्या महिन्यांत दोघींचं पेट्रोल जवळजवळ सारखं पडतं, तिथे फक्त वेळ वाचतो. पण बाळंतीण नावेत असली की वेळच मोलाचा.

मग ४० ची घेतली तर अजून चांगलं, असं कुणीही म्हणेल. तसं होत नाही. नावेचा वेग नुसत्या मशीनवर ठरत नाही, नावेच्या लांबीवर ठरतो. जड, भरलेली नाव पाणी फाडत जाते तेव्हा ती स्वतःच्या पुढे एक लाट उभी करते आणि मागे एक. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते, आणि एका वेगाला लाट नावेएवढी लांब होते. त्यापुढे नाव स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. नाक वर उठतं, पाठ खाली बसते, मशीन ओरडते, पेट्रोल जळतं आणि वेग वाढत नाही. आपल्या नावेची पाण्याला टेकलेली लांबी २४ फूट आहे. अशा नावेला तासाला १२ किलोमीटर ही मर्यादा धरा. प्लास्टिकच्या हलक्या, चपट्या बुडाच्या बोटी पाण्यावर उचलल्या जातात आणि सुसाट पळतात, त्यांना ही मर्यादा लागत नाही. धरणावरच्या साहेब लोकांच्या बोटी तशाच असतात. ती पळताना पाहून आपल्या पोरांना वाटतं की सगळी कमाल मशीनची आहे. आपली नाव तशी नाही. ती सागाची आहे, भरून वाहायला बांधलेली आहे.

तर ४० ची मशीन त्याच ओढीविरुद्ध १२ वजा ४, म्हणजे ८ ने जाईल. दीड तास लागेल. पूर्ण पिळली तर तासाला १८ लिटर, म्हणजे २७ लिटर. पंधराच्या मशीनपेक्षा अर्धा तास वाचवायला १३ लिटर जास्त. कुणी म्हणेल, पूर्ण पिळायचीच नाही, अर्धी चालवायची. मग बाकीचे घोडे कशाला विकत घ्यायचे? शिवाय तेल मिसळून चालणारी मशीन नेहमी मंद चालवली की तिचे प्लग काळे पडतात आणि तीही तुमच्या जुनीसारखी खोकायला लागते.

आणि वजन. जुनी मशीन २७ किलोच्या आसपास आहे, एक माणूस खांद्यावर टाकून वर पाड्यावर नेतो. १५ ची ३६-३७ किलो भरते, तीही दोघं नेतील. ४० ची सत्तर किलोच्या वर. ती रात्री काढून वर नेणार कोण? काठावरच राहील, आणि काठावर राहिलेली वस्तू कुणाची होते ते सांगायला नको. सत्तर किलो पाठीवर सतत लटकलेलं, त्यात चालवणारा माणूस मागे, पेट्रोलची टाकी मागे. नावेची पाठ आधीच दबलेली. मग भरवेगात जाताना कुणी एकदम मशीन कमी केली की मागून आपलीच लाट येते आणि पाठीवरून आत शिरते. पूर यायला नको, वादळ यायला नको.

पण मला सगळ्यात जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आठची मशीन होती तोवर नाव जास्त भरली तर ती चालायचीच नाही. लोक आपसूक उतरायचे, दुसऱ्या खेपेला थांबायचे. ४० ची मशीन बुडेपर्यंत भरलेली नावसुद्धा ओढते. तिला कळत नाही की काठ पाण्यापासून चार बोटं राहिला आहे. बाजाराच्या दिवशी, होळीच्या भोंगऱ्याला, लग्नाला, कोण कुणाला उतर म्हणणार? 'मोठी मशीन आहे, चला चला' म्हणून अजून दहा जण बसतील. मशीन ओढते म्हणून नाव तरंगते असं नाही. १५ ची मशीन घेतली तरी हा धोका आहेच, म्हणून नियम आधी करा आणि मशीन नंतर आणा. नावेच्या दोन्ही बाजूंना बाहेरून पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा, काठाच्या खाली दीड वीत. पट्टा पाण्यात गेला की नाव सुटणार नाही. मग त्यात सरपंच बसलेला असो, पुजारा असो, आपला कार्यकर्ता असो. मोजायला अक्षर यायला नको, पट्टा सगळ्यांना दिसतो. आणि पाच लिटरचे रिकामे प्लास्टिकचे डबे झाकणं घट्ट लावून, जोडी-जोडीने बांधून नावेत ठेवा. बुडताना अशी एक जोडी माणसाला वर धरते.

आता व्यापाऱ्याच्या हप्त्याबद्दल. तो माणूस चांगला की वाईट यात मला पडायचं नाही. तो आपल्याशी गोड बोलतो, पोरांना चहा पाजतो, ठीक आहे. मी त्याला तीन प्रश्न विचारले असते. मशीनची किंमत कागदावर किती? मासळीचा भाव कोण ठरवणार? आणि काटा कुणाचा? तिन्हीचं उत्तर 'माझा' असं असेल तर हप्ता कधी फिटला हेही तोच सांगणार. उदाहरण घ्या. समजा दिवसाला २० किलो मासळी त्याला गेली आणि बाजारापेक्षा किलोमागे ५ रुपये त्याने कमी दिले. दिवसाला १०० झाले. वर्षात २०० दिवस धरा, २०,००० रुपये. हे वीस हजार कुठल्याच हप्त्यात धरले जाणार नाहीत, आणि तरी तुम्ही त्याचे देणेकरीच राहणार. वर ४० च्या मशीनला पेट्रोल जास्त लागणार. ते उधारीवर कोण आणून देईल? तोच.

आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या. कुणी बंदूक दाखवून घेतल्या नाहीत. आधी बी दिलं, कापड दिलं, लग्नाला पैसे दिले, वहीत अंगठा घेतला. मग जमीन गेली आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. १९७२ ला शहाद्याला लोक उठले, अंबरसिंग सुरतवंतींनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून लोकांना उभं केलं, ते याचसाठी. पुढे १९७४ चा कायदा झाला, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा. जमिनीसाठी निदान कायदा तरी आहे, कोर्टात उभं राहता येतं. नावेसाठी तसा कायदा नाही. व्यापाऱ्याच्या नावाची मशीन आपल्या नावेच्या पाठीला लागली की बाजाराला नाव कधी सुटणार, कुणाला घेणार, आजारी माणूस आधी की बर्फाची पेटी आधी, हे तो ठरवेल. उद्या मोर्चाला जायचं असेल तेव्हा मशीन 'दुरुस्तीला' गेलेली असेल. मी कुणावर आरोप करत नाही. ज्याची मशीन त्याची मर्जी, एवढंच बोलतो.

तिसरं म्हणणं कार्यकर्त्यांचं. सरकारकडे नाव मागा, स्वतः घेऊ नका. मी याच्या अर्ध्या भागाशी सहमत आहे. रस्ता सरकारने बुडवला, तर ये-जा करण्याची सोय ही सरकारची जबाबदारी आहे, भीक नाही. बोट, तिचं पेट्रोल, चालवणाऱ्याचा पगार, हे सगळं मागायचं आणि लेखी मागायचं. पण ती मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? सरकारी बोट साहेबाच्या वेळेने येते, पोटातल्या कळा साहेबाच्या वेळेने येत नाहीत. आणि कुणी म्हणतं की नाव मागितली म्हणजे बुडित मान्य केलं. ते मला कधीच पटलं नाही. तहान लागल्यावर पाणी मागितलं म्हणजे विहीर कोरडी केली ते मान्य केलं, असं होतं का? मात्र एक काळजी घ्या. आपण मशीनवर जो पैसा घालू त्याची पावती जपून ठेवा, वर्गणीची यादी घरवार लिहा, पेट्रोलचा हिशेब वहीत ठेवा. सरकारने करायचं काम आम्ही स्वतःच्या पैशाने केलं, याचा तो पुरावा होईल. आज ना उद्या भरपाईच्या मागणीला जोडता येईल.

वर्गणी कशी जमवायची हे बैठकीने ठरवावं. माझी सूचना एवढीच की घरटी सारखी नको. ज्याच्या घरात नोकरी आहे, ज्याचं जाळं मोठं आहे, त्याने जास्त द्यावं. विधवा आणि एकट्या म्हाताऱ्यांकडून घेऊच नये. मोहाची फुलं वेचून झाली की घराघरात थोडा पैसा येतो, तेव्हा मागितलं तर बरं. तोपर्यंत पाण्याची ओढही नसते, जुनी मशीन ढकलत ढकलत चालेल.

मशीन आणण्याच्या आधी नावेची पाठ बघा. ही गोष्ट सगळे विसरतात. मशीन जिला टांगतात ती मागची फळी आठच्या मशीनच्या हिशेबाने बसवलेली आहे. स्क्रूच्या जागी ती आता दबून मऊ झाली आहे, सुरी टोचली तर आत जाते. त्यावर १५ ची मशीन लावली तर एका पावसाळ्यात फळी फाटेल आणि मशीन नदीच्या तळाला. आतून दोन इंची सागाची दुसरी फळी लावायची, दोन्ही कोपऱ्यांत वाकड्या लाकडाचे आधार द्यायचे, आणि नुसत्या स्क्रूवर न राहता आरपार बोल्ट घालायचे. वर एक साखळी नावेला बांधून ठेवायची. सागाची फळी म्हटलं की वनखात्याचा माणूस उभाच राहील, हे मला माहीत आहे. आपल्याच डोंगरातलं लाकूड, पण फळी दिसली की चोर आपण. म्हणून बुडितात मोडलेल्या घरांचे जे खांब-तुळया आपण वर वाहून आणून ठेवल्या आहेत त्यांतली एक वापरा. ते लाकूड कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही, आणि नवीन तोडलेल्यापेक्षा ते चांगलं वाळलेलंही आहे.

काही जण म्हणतात की पाणी ओढायचं डिझेल इंजिन नावेत बसवा, स्वस्त पडेल. खरं आहे, स्वस्त पडेल. पण त्याचा दांडा आणि पंखा नावेच्या बुडाखाली कायमचा राहतो. आपल्याकडे पाण्याखाली झाडांची खोडं आहेत, नाल्यांच्या तोंडाला गाळ आहे. पाठीला टांगलेली मशीन खोड लागलं की वर उचलता येते. इथे तीच बरी. घासलेटवर चालणारी टांगती मशीनही मिळते, पण घासलेट घरातल्या दिव्याला पुरत नाही, ते नावेला घालून बायकांच्या शिव्या कोण खाणार?

आता मशीन बघायला जाणाऱ्यांसाठी. स्टेन्सिलवर चित्र नीट उमटत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो. जाणाऱ्यांत आपल्या नावेवर काम केलेला एक तरी माणूस असू द्या, आणि एक बाई असू द्या. बायका भांडं घेताना ठोकून, उलटं करून बघतात, पुरुष लोक रंग बघून पैसे काढतात.

'बांधलेली मशीन' याचा अर्थ नीट विचारा. काही मेस्त्री नुसत्या रिंगा बदलतात, बाहेरून रंग मारतात आणि बांधली म्हणतात. खरी बांधलेली म्हणजे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे नवे पिस्टन घातले, बेअरिंग बघितले, तेलाचे सील बदलले. जुने पिस्टन दाखव म्हणा. काम केलेलं असेल तर ते त्याच्याकडे पडलेले असतात. मग दोन्ही प्लग काढून दाब मोजायचं घड्याळ लावायला लावा. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा आहे का ते बघा. दहाव्या हिश्शापेक्षा जास्त फरक असेल तर उठून या. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्या. तेल दुधासारखं पांढरट दिसलं म्हणजे आत पाणी शिरतं. या मशीन बहुतेक समुद्रातून आलेल्या असतात, खारं पाणी पिऊन आतून सडलेल्या. पाण्याच्या वाटांत पांढरं खपल्यासारखं काही जमलेलं आहे का बघा. बाहेरचे स्क्रू गंजून एकजीव झाले असतील तर आतलंही तसंच समजा.

पाठीची उंची मोजून, दोरीला गाठ मारून ती दोरी बरोबर न्या. मशीनचा पाय आखूड असतो, १५ इंची, किंवा लांब, २० इंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या बुडाच्या सरळ रेषेत आली पाहिजे. पाय आखूड पडला तर पंखा हवा कापत बसेल. लांब पडला तर सगळी खोडं तोच शोधून काढेल.

पंख्याकडे खास लक्ष द्या. हलक्या बोटीचा पंखा एका फेऱ्यात जास्त पुढे सरकायला बनवलेला असतो. आपल्या जड नावेला तो झेपत नाही, मशीनचा दम निघतो. चांदसैलीचा घाट भरलेली जीप वरच्या गिअरमध्ये चढवायला गेलं तर काय होतं, तसंच. आपल्याला कमी पिचचा पंखा पाहिजे. मेस्त्रीला सांगा की नाव जड आहे, माणसं आणि धान्य वाहते, पळवायची नाही. पंखा बदलून घेतला तर १५ ची मशीन २५ सारखी ओढते असं मेस्त्री म्हणतील, तेवढं खरं धरू नका, पण फरक मोठा पडतो. पंख्याच्या पिना डझनभर आणा. खोड लागलं की पिन तुटते आणि गिअर वाचतो, म्हणून पिनेच्या जागी खिळा ठोकायची आपल्या पोरांची सवय आता बंद.

नवी बांधलेली मशीन पहिले दहा तास पूर्ण पिळायची नाही. त्या दहा तासांत तेल दुप्पट, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला ४०० मिली. नंतर २००. माप एकच ठेवा, बाटलीवर रेघ मारून. मागून पाण्याची बारीक धार पडत असते ती थांबली की ताबडतोब मशीन बंद. गाळाने तोंड बुजलेलं असतं किंवा पाणी खेचायचं रबराचं चक्र गेलेलं असतं. आपल्या गढूळ पाण्यात ते चक्र लवकर झिजतं, एक जास्तीचं आणाच. आणि बंद करायची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली पाहिजे. तो पाण्यात पडला तर मशीन बंद व्हायला पाहिजे, गोल फिरून त्याच्याच अंगावर यायला नको.

जुनी मशीन विकू नका. भंगारवाला तिचे काही देणार नाही. तिला थोडं काम करून नावेतच ठेवायची, मोठी बंद पडली तर काठाला लागायला. आणि मशीन चालवायला एकच माणूस शिकलेला असतो, तो आजारी पडला की पाच पाडे अडतात, हे यावर्षी झालं. प्रत्येक पाड्यातून दोघांनी शिकायचं. जीवनशाळेतून शिकून आलेल्या पोरींनी नाव दिली तर त्यांना हसायचं काम नाही. दोरी ओढायला ताकदीपेक्षा झटका लागतो.

बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने आपल्या घरांची यादी आणावी, आणि मागच्या पावसाळ्यात नाव बंद असल्यामुळे कोणाचं काय अडलं तेही लिहून आणावं. कुणाचं रेशन बुडालं, कुणाला दवाखान्यात पोचता आलं नाही, कोणत्या तारखेला साहेब आला नाही. ती यादी दोन कामांना लागेल, वर्गणीला आणि कलेक्टरला द्यायच्या अर्जाला. मशीन बघायला जाणाऱ्यांनी प्लगचा पाना, दाब मोजायचं घड्याळ आणि गाठ मारलेली दोरी बरोबर घ्यावी. पैसे पहिल्या दिवशी नेऊ नयेत.